उकळलेले दूध आणि कच्चा चीक

जबलपूरचा सदर हा छावणीचा बाजार. डिसेंबर १८१७मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हातून जबलपूर गेले, इंग्रजांची छावणी पडली आणि तिच्या गरजांवर सदर वाढला. गोऱ्या पलटणींच्या या गरजांत दूध ही साधी बाब नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या इंग्रज शिपायांना लढाईपेक्षा विषमज्वर आणि पटकी यांचेच भय अधिक होते, आणि पाण्याप्रमाणे दुधावरही डॉक्टरांचा संशय असे. सरकारने १८८९मध्ये अलाहाबादला पहिली लष्करी डेअरी काढली ती याच चिंतेतून. पुढे असे गोठे ठिकठिकाणच्या छावण्यांत उभे राहिले, जबलपूरही त्यांपैकी एक. उरलेले ३९ लष्करी फार्म बंद करण्याचा निर्णय २०१७मध्ये झाला आणि मार्च २०२१अखेर ते खातेच मिटले. हा सव्वाशे वर्षांचा इतिहास बहुधा एका ओळीत सांगितला जातो: गवळ्याच्या घाण दुधावर साहेबाच्या स्वच्छ दुधाने मात केली. ही ओळ खोटी नाही, पण अर्धी आहे. दूध रोग आणते हे छावणीला पक्के कळले होते. दूध रोग अडवतेही, हे ज्ञान मागाहून आले. आणि पहिल्या धोक्यावर जो उपाय सापडला, म्हणजे उष्णता, तोच या दुसऱ्या गुणाच्या मुळावर येतो. दुधाचा हा इतिहास या पेचाभोवती वाचायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

दुसऱ्या अर्ध्या भागाची सुरुवात जर्मनीत होते. १८९२मध्ये पाउल एर्लिखने उंदरांच्या पिल्लांची अदलाबदल केली. विषाला सरावलेल्या मादीच्या अंगावर दुसरीची पिल्ले पाजली, तेव्हा तीही त्या विषाला दाद देईनाशी झाली. म्हणजे संरक्षण रक्ताच्या नात्यातून नव्हे, तर दुधातून आले होते. पुढे १९२२मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी वासरांवर हीच गोष्ट दाखवली. चीक मिळालेली वासरे जगली, न मिळालेली बहुतेक दगावली. याचे कारण गायीच्या शरीररचनेत आहे. तिच्या वारेतून प्रतिपिंडे वासराकडे जातच नाहीत, त्यामुळे ते जवळजवळ निःशस्त्र जन्मते. चिकात ही प्रतिपिंडे भरपूर असतात आणि वासराचे आतडे ती न पचवता सरळ रक्तात घेते, पण जेमतेम पहिला दिवसभर. त्यानंतर ते दार बंद. म्हणून वासराला पहिल्या काही तासांत, त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे, हा आज कोणत्याही चांगल्या गोठ्याचा नियम आहे. जबलपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९४८पासूनचे. वासराचा पहिला घास तिथे शिकण्याचा विषय आहे.

आता गोठ्यातून घरात यावे. गाय व्याली की मराठी घरात चिकाचे कौतुक केवढे! गूळ-वेलची घालून खरवस उकडायचा, शेजारीपाजारी वाटायचा. त्याच घरात बाळंतिणीचा पिवळसर चीक मात्र अनेकदा पिळून टाकला जाई आणि तान्ह्याला मध-तूप किंवा गुळाचे पाणी चाटवले जाई. याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. सुश्रुतानेही बाईला दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर उतरते असे नोंदवून तोवर मध-तुपाची सोय सांगितली आहे. निरीक्षण खरेच होते. भरपूर दूध यायला दोन-तीन दिवस लागतात. चूक होती ती त्याआधीचे थोडके, दाट द्रव्य दूधच नव्हे, असे मानण्यात. यावर एक शास्त्रीय आक्षेप घेता येतो: माणसाचे मूल वासरू नव्हे, त्याला आईच्या वारेतूनच प्रतिपिंडे मिळतात, मग चिकावाचून काय अडले? पहिला भाग बरोबर आहे. पण बाळाचा चीक मुख्यतः रक्तासाठी नसतो, तो आतड्यासाठी असतो. त्यातली प्रतिपिंडे आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात, आणि लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन जंतूंना लागणारे लोह स्वतःशी बांधून त्यांची उपासमार करते. आईच्या चिकात हे प्रथिन लिटरला पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त असते, गायीच्या नेहमीच्या दुधात ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मधाचे बोट ही जागा भरत नाही. उलट मधातून क्वचित येणारे जंतू तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतात.

मग हे प्रथिन गायीच्या दुधातून काढून पुडीतून का देऊ नये? हा प्रयोग झाला आहे, आणि त्याचा निकाल उत्साह्यांना पचायला जड जातो. इटलीत २००९मध्ये अगदी कमी वजनाच्या ४७२ बाळांवरच्या चाचणीत रक्तातला जंतुसंसर्ग १७.३ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आला. पण ब्रिटनमध्ये २,२०३ अकाली जन्मलेल्या बाळांवरच्या मोठ्या चाचणीत, २०१९मध्ये, संसर्गाचे प्रमाण पुडीवाल्यांत २९ आणि इतरांत ३१ टक्के निघाले. हा फरक नसल्यातच जमा. प्रतिकारशक्तीची भुकटी विकणाऱ्या जाहिरातींत पहिली चाचणी भेटते, दुसरी नाही. याचा अर्थ प्रथिन निकामी आहे असा नव्हे. ते आईच्या दुधात एकटे नसते, हा अर्थ मला जास्त सयुक्तिक वाटतो.

खरवस अंगाला बळ देतो हे जुन्या माणसांचे म्हणणे पोषणापुरते मान्य करावे. प्रथिने त्यात भरपूर. पण चीक विरजणावाचून थिजतो तोच मुळी प्रतिपिंडांसह त्यातली ही प्रथिने उष्णतेने उलगडून एकमेकांत गुंतल्यामुळे. म्हणजे वडी घट्ट झाली, तिथेच प्रतिपिंडांचे काम संपले. म्हणून कच्चा चीक प्यावा असे मुळीच नाही. छावणीच्या डॉक्टरांची भीती खरी होती, आणि गायीचे दूध उकळूनच प्यायला हवे. न तापवलेले, ताजे आणि त्याच प्रजातीचे असे दूध बाळाला एकाच ठिकाणी मिळते, आईच्या अंगावर. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांतही दान आलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवावे लागते आणि लॅक्टोफेरिनचा बराच भाग त्यात जातो. म्हणून पेढीचे दूध आईचे मिळत नसेल तेव्हाचे. घरचा मध-तुपाचा रिवाजच सगळे बिघडवतो आणि बाळंतपण दवाखान्यात गेले की प्रश्न सुटेल, असे म्हणणाऱ्यांनी २०१९-२१चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहावे: देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, आणि जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळाले ते ४१.८ टक्के मुलांना.