नेट झिरोची मुदत पुढे ढकलायची का? वाद जगाचा, पण प्रश्न शहापूर-मुरबाडचाही

ब्रिटनमधला हुजूर पक्ष, ऑस्ट्रेलियातले लिबरल आणि नॅशनल्स पक्ष, अमेरिकेतलं ट्रम्प सरकार. गेल्या काही वर्षांत या सगळ्यांनी नेट झिरोपासून मागे फिरण्याची भूमिका घेतली. त्यामुळे आपल्याकडेही सोशल मीडियावर प्रश्न विचारला जातो: श्रीमंत देशच मागे हटत असतील, तर भारताने २०७० चं ओझं का वाहायचं?

हा वाद नेमका काय आहे आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांशी त्याचा काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

नेट झिरो म्हणजे काय?

कोळसा, पेट्रोल, डिझेल, सिमेंट, शेती यांतून हरितगृह वायू हवेत जातात. जंगलं, माती आणि काही तंत्रज्ञान त्यातला कार्बन पुन्हा शोषून घेतात. एखादा देश जेवढे वायू सोडतो तेवढेच शोषले जाऊ लागले, की त्याचं निव्वळ उत्सर्जन शून्य झालं असं म्हणतात.

इथे एक गोष्ट अनेकदा सुटते. कार्बन डायऑक्साइड हवेत शेकडो वर्षं टिकतो. हौदाचा नळ कधी बंद झाला यावर पाण्याची पातळी ठरत नाही, तोवर एकूण किती पाणी पडलं यावर ठरते. तापमानाचंही तसंच आहे. म्हणून शेवटच्या वर्षाइतकंच महत्त्व त्याआधीच्या प्रत्येक वर्षाला असतं.

मुदतीवरून कुठे काय झालं?

ब्रिटनने २०१९ मध्ये २०५० चं उद्दिष्ट कायद्यात घातलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरची बंदी २०३० वरून २०३५ वर नेली, पण २०५० कायम ठेवलं. मार्च २०२५ मध्ये त्याच पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी २०५० पर्यंत हे शक्यच नाही, असं सांगितलं. अमेरिकेत ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत ऑस्ट्रेलियातल्या दोन्ही विरोधी पक्षांनी २०५० ची भूमिका सोडली. तिथल्या सरकारने मात्र ती सोडलेली नाही.

म्हणजे 'लांबवणं' तीन प्रकारचं असतं: शेवटची तारीख पुढे नेणं, मधले टप्पे सैल करणं आणि उद्दिष्टच सोडून देणं. बातमी वाचताना यातलं कोणतं झालं, हे आधी पाहावं.

भारताची बाजू काय?

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधान मोदी यांनी २०७० चं लक्ष्य जाहीर केलं. त्यासाठी ब्रिटनसारखा कायदा मात्र केलेला नाही. चीनचं लक्ष्य २०६० आहे, जर्मनीचं २०४५.

भारताचा युक्तिवाद न्यायाचा आहे. सरासरी भारतीयामागे वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, अमेरिकनामागे त्याच्या सहापटीहून जास्त. ज्यांनी आधी हौद भरला त्यांनी आधी नळ बंद करावा आणि इतरांना पैसा द्यावा, असं भारत म्हणतो. २०२४ च्या बाकू परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं, तेव्हा ही रक्कम अपुरी असल्याचा आक्षेप भारताने तिथेच नोंदवला.

शहापूर-मुरबाडचा संबंध कुठे येतो?

*वीज साठवण्यासाठी घाट लागतो.* सौरवीज दुपारी भरपूर मिळते, पण मागणी संध्याकाळी वाढते. घाटघर उदंचन प्रकल्पाचं वरचं धरण अकोले तालुक्यात आहे आणि खालचं शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ. वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, टंचाई असते तेव्हा खाली सोडून वीज करायची. २००८ पासून चालणाऱ्या या प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॅट आहे. अशा प्रकल्पांत पाणी चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश वीज परत मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने उदंचन प्रकल्पांसाठी वेगळं धोरण आणलं. मुरबाडला लागून असलेल्या माळशेज घाटातही असा प्रकल्प बरीच वर्षं प्रस्तावित आहे.

*कार्बन शोषायला जंगल लागतं.* जंगल आणि झाडं वाढवून २०३० पर्यंत २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषण्याचं वचन भारताने दिलं आहे. तानसा अभयारण्य शहापूर तालुक्यात पसरलेलं आहे. त्याच पट्ट्यात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली कुटुंबं वनप्लॉटवर नाचणी-वरई पिकवतात. कागदावर 'मोकळी' दिसणारी जमीन वृक्षारोपणाला निवडली, तर ती कुणाच्या तरी पोटाची जमीन असू शकते.

*शहराचं लक्ष्य वेगळं.* मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये देशाच्या २० वर्षं आधीचं, म्हणजे २०५० चं लक्ष्य जाहीर केलं. त्या मुंबईला जवळपास निम्मं पाणी शहापूरच्या भातसा धरणातून जातं. तानसाही इथलंच. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

मग उशीर झाला तर इथल्या लोकांचा फायदा की तोटा?

मुदत लांबवा म्हणणारे सांगतात की गरिबांना आधी स्वस्त वीज आणि रोजगार हवा. लवकर करा म्हणणारे सांगतात की उष्णतेच्या लाटा आणि अवेळी पाऊस गरिबांनाच आधी गाठतो. ऐन कापणीत उभा भात आडवा झालेल्या शेतकऱ्याला हे दुसरं म्हणणं पटवून द्यावं लागत नाही. विजेअभावी पंप बंद ठेवणाऱ्याला पहिलंही पटतं.

पण दोन्ही बाजू एक प्रश्न गाळतात: बदलाची किंमत कोण मोजतं? तानसा, भातसा आणि आताचा समृद्धी महामार्ग, यांच्यासाठी जमीन गेली ती नेट झिरोमुळे नाही. त्यामुळे मुदत पुढे गेली म्हणून जमीन वाचेल असं नाही, आणि लवकर केलं म्हणून मोबदला, पाणी किंवा वीज आपोआप मिळेल असंही नाही. वेग किती आणि वाटणी कशी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नासाठी कायदे आहेत. संपूर्ण शहापूर आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो. दावा मंजूर होऊन हातात असेल, तर धरण असो की वृक्षारोपण, बोलणी करताना गावाची बाजू भक्कम होते.

पोस्ट शेअर करण्याआधी हे तपासा

- क्षमता की प्रत्यक्ष वीज? जून २०२५ मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली, ही बातमी खरी आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अजून कोळशातूनच येते.
- एकूण की माणशी? एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे, माणशी उत्सर्जनात जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी. दोन्ही आकडे खरे आहेत. पोस्टमध्ये सहसा एकच असतो.
- घोषणा की कायदा? विरोधी पक्षाने भूमिका बदलली म्हणजे त्या देशाचं धोरण बदललं, असं होत नाही.
- खर्च कुणाचा? 'परवडत नाही' किंवा 'परवडतं' असं लिहिलं असेल, तर कुणाला, हे विचारा.

२०७० उजाडेल तेव्हा आज पहिलीत बसणारं मूल पन्नाशीच्या घरात असेल. घाटातल्या जलाशयांचे आणि जंगलजमिनीचे निर्णय मात्र त्याच्या शाळेच्या वर्षांतच होणार आहेत.