पंगत नसलेलं जेवण

परगावी गेलो की लॉजवर पिशवी टाकायची, तोंडावर पाणी मारायचं आणि आधी गाड्या बघायला बाहेर पडायचं, ही माझी जुनी सवय. किल्ला, देऊळ, वस्तुसंग्रहालय सगळं नंतर. गर्दी कुठे आहे ते पाहायचं, पुढचा काय मागतोय ते ऐकायचं आणि तेच मागायचं. गाडीवाला आपल्याला काय विचारतो? ‘तिखट चालेल?’ ‘कांदा घालू?’ ‘इथेच खाणार की बांधून देऊ?’ बस्स. तुम्ही कोण, कुठले, आडनाव काय, हे तो विचारत नाही. शेजारी उभा राहून खाणाराही विचारत नाही. ही गोष्ट इतकी साधी झाली आहे की तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला मिसळीच्या चवीपेक्षा या न विचारण्याचंच नवल अधिक वाटतं. ते काही फार जुनं नाही.

१८५७ साली पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत त्यांना बंडानं गाठलं. त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण वाचतो तो बहुधा झाशीच्या राणीसाठी. मी तो वाचताना मात्र नेहमी विचार करतो, की या माणसाच्या जेवणाचं काय? कारण त्या काळी अशा प्रवाशाला वाटेवरचं शिजवलेलं अन्न चालतच नसे. फुटाणे, फळं, पेढे चालत. भात-वरण म्हटलं की शिधा विकत घ्यायचा, स्नान करायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि स्वतः रांधायचं. घरापासून शेकडो कोस दूर असलेला माणूसही जेवताना आपल्या पंगतीतच बसलेला असे, मग ती पंगत एकट्याची का असेना! पंगत म्हणजे नुसती पानांची रांग नव्हे. कोण बसणार, कोण वाढणार आणि कोण दाराबाहेर थांबणार, हे सगळं तिच्यात आधीच ठरलेलं असतं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि या व्यवस्थेला पहिला हादरा बसला. रेल्वेनं जातवार डबे काही जोडले नाहीत. तिसऱ्या वर्गात मांडीला मांडी लावून बसावं लागे. फलाटावर मात्र जुनं जग टिकून राहिलं. ‘हिंदू पानी’, ‘मुसलमान पानी’, ‘हिंदू चाय’, ‘मुसलमान चाय’ अशा आरोळ्या कितीतरी स्टेशनांवर १९४० च्या दशकापर्यंत ऐकू येत. बाकडं एक आणि पेले दोन.

चहावरून आठवलं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी बडी मंडळी हजर होती. पुढे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. तिथे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. वल्ली माणूस! त्यांनी उपस्थितांची नावंच वर्तमानपत्रात छापवून आणली. मग ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. कपभर चहापायी पुणं कितीतरी दिवस ढवळून निघालं. आज आपण हसतो. पण ज्यांच्या हातचं पाणीही चालत नव्हतं, त्यांनी चहाचं दुकान काढायचं म्हटलं तर काय झालं असतं?

याचं उत्तर कोल्हापुरात आहे. मिसळ खायला म्हणून मी कितीदा तरी कोल्हापूरला गेलो आहे. तिथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या जाड कापा देतात. कटाची वाटी वेगळी मिळते आणि ती संपली की न विचारता भरली जाते. ती मिसळ खाऊन मी भाऊसिंगजी रस्त्यानं चालत निघतो. गंगाराम कांबळे यांचं हॉटेल या रस्त्यावर होतं.

गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना हे कळलं तेव्हा ते संतापले, मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली. पण नुसती शिक्षा करून ते थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी सांगितलं, की चाकरी सोड आणि स्वतःचा धंदा काढ. मदत मी करतो. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कसा? महाराजांच्या कानावर हे गेलं. मग ते फिरायला निघाले की गाडी हॉटेलासमोर उभी करायचे, मोठ्यानं चहा मागवायचे. स्वतः प्यायचे आणि गाडीत बरोबर असलेल्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारायची छाती कोणाची? शाहू महाराजांचे वटहुकूम, वसतिगृहं, १९०२ चं राखीव जागांचं फर्मान, हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं आणि असायलाच हवं. मला मात्र रस्त्याच्या कडेला उभी असलेली ती गाडी डोळ्यांपुढे दिसते. कायद्यानं माणसाला शाळेत बसवता येतं, पण दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायला लावता येत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी पिऊन दाखवावा लागतो.

पावाची गोष्टही अशीच आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्याबरोबर आलेला ‘पांव’ तिथे माडाच्या सुरेवर फुगू लागला. गोव्याला गेलात तर पहाटे जरा लवकर उठा. सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो, त्याच्या टोपलीतला गरम पाव नुसताच खाऊन बघा. पण कोकणात आणि वसईकडे पावाची आठवण काही चवीची नव्हती. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावानं ते पाणी प्यायलं आणि गावच्या गाव बाटलं, अशा कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जात. त्या खऱ्या किती, हा वेगळा प्रश्न. भीती मात्र खरी होती. बाटवणारा तो पाव पुढे मराठी कामगाराचं रोजचं खाणं झाला, ही उलथापालथ मला एखाद्या लढाईइतकी मोठी वाटते.

ती घडली मुंबईत. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या शहरात सोवळं पाळायला वेळ कोणाला होता? इराण्याच्या हॉटेलातलं संगमरवरी टेबल सगळ्यांना एकच होतं. तरीही गिरणीच्या आत भेद होताच. साचेखात्यात धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे. ते उष्टं होतं, या सबबीवर दलित कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. आणि गिरणीबाहेर काय होतं? कोकण-घाटावरून एकट्यानं आलेल्या हजारो कामगारांना खानावळवाल्या बायांनी जेवू घातलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे या बायांना सावकाराच्या व्याजातून सुटायची वाट मिळाली. त्यांची भाजी-भाकरी खाऊन मुंबई उभी राहिली, पण त्यांची नावं कुठल्या इतिहासात नाहीत.

वडापावाला निदान एक नाव तरी मिळालं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. पहिला कोण, यावर वाद घालण्यात मला रस नाही. दादर हे ठिकाण मात्र मला अगदी पटतं. दोन्ही रेल्वेमार्ग तिथे भेटतात. गाडी चुकवायची नसते, एका हातात पिशवी असते, म्हणून दुसऱ्या हातात मावेल असंच खाणं हवं. उभ्यानं खाणाऱ्यांची पंगत मांडता येत नाही. १९८२ च्या संपानं अडीच लाखांच्या घरातले कामगार देशोधडीला लागले, तेव्हा त्यांतल्या कितीतरी घरांनी अशीच गाडी लावून चूल पेटती ठेवली.

सगळं मिटलं, असं मात्र नाही. खेड्यातल्या हॉटेलाबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी अनेक दलित आत्मकथनांतून आपल्याला भेटते. तो काळ काही दूरचा नाही. आणि जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावडयात्रेच्या वाटेवरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगण्यात आलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणतं अन्न मिळतं ते लिहावं, नावाची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं. पुढच्या वर्षी क्यूआर कोडच्या निमित्तानं तोच वाद पुन्हा न्यायालयात गेला. तेव्हा परवाना आणि नोंदणीपत्र दर्शनी भागी लावण्याचा नियम पाळा, एवढंच न्यायालयानं सांगितलं.

हरिद्वारच्या त्या रस्त्यावर मी पूर्वी एका ढाब्यावर जेवलो आहे. राजमा, जाड रोट्या, हातानं फोडलेला कांदा, शेवटी पितळी पेल्यातून चहा. मालकाचं नाव मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. चहात आलं मात्र भरपूर होतं.