मराठी ख्रिस्ती साहित्यातील परलोकविचार

मराठी ख्रिस्ती साहित्यातील परलोकविचार म्हणजे मृत्यू, पुनरुत्थान, अंतिम न्याय व सार्वकालिक जीवन यांविषयी ख्रिस्ती लेखकांनी मराठीत केलेले चिंतन होय. या चिंतनाचा मूळ आधार बायबलच्या नव्या करारात, विशेषतः पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. त्याच्या १३व्या अध्यायात विश्वास, आशा व प्रीती ही त्रयी येते, तर १५व्या अध्यायात मृतांच्या पुनरुत्थानाचे विवेचन आहे.

शब्दांची निवड

कर्म, पुनर्जन्म व मोक्ष या कल्पना जिच्या नित्य व्यवहारात रुळल्या आहेत, अशा भाषेत पुनरुत्थान सांगणे सोपे नव्हते. पुनर्जन्मात जीव नवा देह धारण करतो व फेरा चालू राहतो. पुनरुत्थानात तीच व्यक्ती एकदाच आणि कायमची उठविली जाते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी क्रिस्तपुराणात (पहिले मुद्रण १६१६) ओवी स्वीकारली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द योजला. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट भाषांतरकार याबाबत अधिक सावध होते. त्यांच्या परंपरेत ‘स्वर्ग’, ‘तारण’ व ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द रूढ झाले. अर्थाची गफलत त्यामुळे टळली, पण ओवीचा गोडवाही काहीसा हरवला.

कोकणची पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचे देवस्थान आहे. परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते चितेच्या अग्नीने पावन करून जिवंत केली व त्यांच्यापासून चित्पावन ब्राह्मणांची उत्पत्ती झाली, अशी आख्यायिका सह्याद्रिखंडाच्या आधारे सांगितली जाते. मृतांना उठविल्याची ही कथा ज्या समाजाची उत्पत्तिकथा आहे, त्याच समाजातून नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे व नारायण वामन टिळक हे ख्रिस्ती विचारवंत पुढे आले. हा योगायोगच मानावा लागेल. गोरे यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात भारतीय दर्शनांचे खंडन केले.

कोकणात स्कॉटिश मिशनऱ्यांचे कार्य १८२३ मध्ये बाणकोट येथे सुरू झाले. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन यांनी हर्णै येथे मराठीचा अभ्यास केला. पुढे मुंबईत विल्सन व मोरभट दांडेकर आणि १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात धर्मविषयक वाद झाले.

श्राद्ध आणि धर्मांतर

परलोकाचा प्रश्न या काळात केवळ तात्त्विक नव्हता. पितरांची गती मुलाने केलेल्या श्राद्ध-पिंडदानावर अवलंबून मानली जात असल्याने, मुलगा ख्रिस्ती होणे म्हणजे आईबापांच्या परलोकाची वाट बंद होणे, अशी भावना होती. बहिष्कृताचा ‘घटस्फोट’ करून, म्हणजे घडा पालथा पाडून, तो मेला असे मानण्याचा विधी धर्मशास्त्रात होता. अशा व्यक्तीचा वारसाहक्क १८५० च्या २१व्या अधिनियमाने अबाधित ठेवला. घरचे दार मात्र कायद्याने उघडले नाही.

टिळक दांपत्य

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांनी तो १९०० मध्ये घेतला. मधली काही वर्षे दोघे दुरावले होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती आणि त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत ती स्पष्ट जाणवते. त्यांच्या भक्तीत मृत्यूनंतरच्या बक्षिसापेक्षा ख्रिस्ताच्या सहवासाची ओढ प्रबळ आहे. परलोक तेथे स्थळ म्हणून क्वचित येतो, भेट म्हणून येतो. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही संकल्पना मांडली. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) सिद्धान्त जवळजवळ नाही. जात देवाने केली की माणसाने, या साध्या प्रश्नातून त्यांचा सोवळ्याओवळ्यावरचा विश्वास सुटत गेला. दुःखाच्या प्रसंगीही त्यांचा विनोद सुटत नाही. मराठीतील ख्रिस्ती आशेचे सर्वांत विश्वसनीय चित्र म्हणून या ग्रंथाकडे पाहता येते, ते यामुळेच.

पंडिता रमाबाई

दुष्काळात आईवडील व बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथील आपल्या संस्थेला ‘मुक्ती’ हे नाव दिले. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असा अर्थ असलेला हा शब्द तेथे विधवा, अनाथ व दुष्काळग्रस्त स्त्रियांच्या इहलोकीच्या सुटकेलाही लागू झाला. कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली, तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आधुनिक काळ व लोकाचार

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कॅथलिक समाजात २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळला जातो. त्या दिवशी कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात व मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा सामान्यतः नाही. तेथे अंत्यविधीच्या उपासनेत मागे राहिलेल्यांच्या सांत्वनावर भर असतो.