डिझेल ट्रकमधील दुहेरी टर्बोचार्जर रचना

डिझेल एंजिनाला हवा पुरवण्यासाठी एकाऐवजी दोन टर्बोचार्जर वापरण्याच्या पद्धतीला दुहेरी टर्बोचार्जर रचना म्हणतात. बोलीत ती 'ट्विन टर्बो' म्हणून ओळखली जाते. मोटार कारखान्यात ही रचना एंजिनाच्या आराखड्यातच अंतर्भूत असते. जुन्या ट्रकच्या एंजिनावर ती कार्यशाळेत हाताने जुळवण्याचा छंद अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या शौकिनांमध्ये विशेष रुजला आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात लेथकाम, वेल्डिंग व नळकाम करणाऱ्या लहान कार्यशाळा विपुल असल्यामुळे हे काम येथे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. मात्र दोन यंत्रे एंजिनावर बसवणे हा त्यातील सोपा भाग होय.

पार्श्वभूमी

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या बळावर चक्र फिरवून ताजी हवा दाबाने सिलिंडरमध्ये भरण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने मांडली आणि 1905 साली तिचे एकस्व घेतले. ट्रकमध्ये तिचा वापर स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने 1938 मध्ये केला. पिंपरी-चिंचवड परिसरात दुहेरी रचनेचे डिझेल एंजिन मोटारींतून आले. मर्सिडीज-बेन्झच्या 2008 मधील ओएम 651 या चार सिलिंडरच्या एंजिनात एक लहान व एक मोठा असे दोन टर्बोचार्जर क्रमाने जोडलेले आहेत आणि हे एंजिन असलेल्या ई 250 सीडीआय मोटारींची जुळणी चाकण येथे होत असे.

रचना व कार्य

दोन टर्बोचार्जर समांतर जोडता येतात; अशा वेळी प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे सिलिंडर येतात. व्ही-आकाराच्या एंजिनाला ही पद्धत सोयीची पडते. ट्रकमधील एका ओळीच्या सिलिंडरांना मात्र दुटप्पी जोडणी अधिक मानवते. तीत मोठा टर्बोचार्जर बाहेरची हवा प्रथम दाबतो व लहान टर्बोचार्जर तीच हवा पुन्हा दाबतो. निष्कास वायूंचा प्रवास नेमका उलट असतो: आधी लहान चक्र, मग मोठे.

या पद्धतीत दाबांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मोठ्याने दाब दुप्पट केला आणि लहानाने पावणेदोन पट, तर एकूण गुणोत्तर 3.5 होते. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवरील पुण्यात हवेचा दाब मुळातच सहा-सात टक्के कमी असतो, हेही हिशेबात धरावे लागते. खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढणाऱ्या भरल्या ट्रकचे एंजिन कमी फेऱ्यांवर ओढत असते. तेथे एकटा मोठा टर्बोचार्जर सुस्त राहतो. लहान असेल तर तो लवकर जागा होतो, पण सपाट रस्त्यावर त्याचा श्वास अपुरा पडतो. या दोन्ही अडचणींवरचा उतारा म्हणून दुटप्पी रचना वापरली जाते.

दाबलेली हवा तापते. 30 अंश सेल्सिअसची हवा 70 टक्के कार्यक्षमतेच्या संपीडकाने दुप्पट दाबावर नेल्यास तिचे तापमान सुमारे 125 अंशांवर जाते आणि घनता दुपटीऐवजी दीडपटच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून 55 अंशांपर्यंत थंड केली, तर घनता 1.85 पट होते. इंटरकूलर टाळून वाचवलेला पैसा म्हणूनच फसवा ठरतो.

हाताने जुळवणी करताना

हवा वाढली म्हणजे शक्ती वाढली, असे नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे 14.5 किलो हवा लागते, पण डिझेल एंजिनाला धूर टाळण्यासाठी त्याहून बरीच अधिक हवा हवी असते. जादा हवेचा उपयोग व्हायचा, तर पंपातून इंधनही वाढवावे लागते. येथे हात सैल सुटला की काळा धूर येतो आणि निष्कास वायूंचे तापमान चढते. ते टर्बोचार्जरच्या आधी साधारण 700 अंशांच्या आसपास ठेवण्याची प्रथा आहे. तापमापक न बसवता केवळ आवाजावर व धुरावर विसंबून पंप फिरवणे म्हणजे पिस्टन वितळण्यास निमंत्रण. टर्बोविना बनलेल्या जुन्या एंजिनांत पिस्टनला खालून तेलाच्या झोताने थंड करण्याची सोय बहुधा नसते आणि त्यांचे संपीडन गुणोत्तर 17-18 इतके असते. अशा एंजिनावर भार पडताच प्रथम हेड गॅस्केट दगा देते.

दुसरा नाजूक विषय वंगणाचा. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल आणणारी नळी बारीक चालते, परत नेणारी मात्र रुंद, उताराची आणि तळटाकीतील तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. घाट चढून आल्याबरोबर एंजिन बंद केल्यास तप्त बेअरिंगमध्ये तेल जळून कोळसा धरते. दोन-तीन मिनिटे ते मोकळे चालू ठेवणे आवश्यक असते.

तेलाची सील फुटली तर एंजिन स्वतःचेच वंगण जाळून बेफाम धावू लागते. अशा वेळी चावी फिरवून किंवा डिझेल तोडून ते थांबत नाही. हवेची वाट बंद करावी लागते. हाताने केलेल्या जुळणीत हवा रोखणारी झडप सहसा विसरली जाते. क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक तर मूळचेच राहतात. बोरघाट चढताना मिळालेला फायदा उतरताना उपयोगी पडत नाही.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ अन्वये अशा मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यातही आड येऊ शकतो, आणि त्याची झळ चालकाच्या कुटुंबाला बसते.

व्यापारी वाहनास आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. धुराच्या तपासणीत बीएस-4 पूर्वीच्या डिझेल वाहनांना 65 व बीएस-4 वाहनांना 50 हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकाच्या ट्रकमध्ये संगणकनियंत्रित इंधनपुरवठा आणि काजळीची गाळणी असल्यामुळे हाताने बदल करणे जवळजवळ निरर्थक ठरते. नव्या एंजिनाची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी 1966 साली स्थापन झालेली एआरएआय पुण्यात असून तिचे एक केंद्र चाकणला आहे. केंद्रीय रस्ते परिवहन संस्था भोसरीत आहे. या चाचण्या मुख्यतः उत्पादकांसाठी असून, एकट्यादुकट्याच्या जुळणीला त्या खर्चाच्या दृष्टीने परवडत नाहीत.

प्रत्यक्ष रस्त्यावर न येणाऱ्या एंजिनांवर, म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतील चाचणीमंचावर, ही रचना अभ्यासता येते. तेथे दाब, तापमान व इंधनाचा खप एकाच वेळी मोजता येत असल्याने विद्यार्थ्यांना वर दिलेला हिशेब पडताळून पाहता येतो.