टाळ-झांज
टाळ-झांज : काशाची घनवाद्ये. कासे म्हणजे तांबे (सु. ७८%) व कथिल (सु. २२%) यांचा मिश्रधातू. टाळ लहान, जाड व खोलगट. झांज रुंद, पातळ व उथळ असते. जाडीमुळे नाद उंच व नेमका होतो. रुंदी वाढेल तसा तो खाली उतरतो व पसरतो. वाद्याची निवड मुख्यतः यावरच ठरते.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी निवृत्तिनाथांची पालखीही याच जिल्ह्यातून जाते. दिंडीत अनेक टाळकरी एकदम आघात करतात. नाद लांबला, तर एक आघात दुसऱ्यात मिसळून अभंगाचे शब्द बुडतात. म्हणून तेथे दोरीने जोडलेले जाड टाळच योग्य. केवळ मोठ्या आवाजाच्या मोहाने भजनात झांज घेणे इष्ट नव्हे. तिची जागा आरतीत व ढोलाच्या मिरवणुकीत. मोगल नगारखान्यातील झांजांचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आढळतो. तमाशात ढोलकीचे बोल झाकू नयेत, यासाठी मंजिरीसारखी लहान जोडी पुरते.

तुर्की लष्करी वाद्यमेळातून झांज अठराव्या शतकात यूरोपीय बँडमध्ये रूढ झाली. विसाव्या शतकातील जॅझमध्ये ती एकेरी, उभ्या दांड्यावर बसवून काठीने सतत वाजविली जाऊ लागली (राइड सिंबल). १९३०–५० च्या सुमारास मुंबईच्या जॅझ वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. जॅझला पातळ, मंद पसरणारी तबकडी मानवते. विद्युत् गिटारांच्या रॉक संगीतात मात्र जाड व वजनदार तबकडीचाच आघात ऐकू येतो.