डांबरी कागदाचे वर्ग

व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटी हा तंबाखू पिकविणारा, एरवी फारसा कुणाच्या नजरेत न भरणारा प्रदेश. तेथील फार्मव्हिल या गावी १९३९ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी विटांची एक एकमजली शाळा उभी राहिली. याच काउंटीत वाढलेले आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी संस्थेची धुरा वाहिलेले रॉबर्ट रूसा मोटन यांचे नाव या हायस्कूलला देण्यात आले. आठ वर्गखोल्या आणि मध्यभागी सभागृह, एवढाच तिचा पसारा. १८० विद्यार्थ्यांच्या हिशेबाने बांधलेल्या या वास्तूत १९५१ च्या सुमारास साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. गोऱ्या मुलांच्या फार्मव्हिल हायस्कूलमध्ये व्यायामशाळा होती, उपाहारगृह होते, प्रयोगशाळा होती; मोटनमध्ये यांपैकी काहीच नव्हते. शाळा वेगळ्या असाव्यात, पण समान असाव्यात, हे १८९६ च्या प्लेसी खटल्यापासून चालत आलेले सूत्र. त्यातील पहिला भाग कसोशीने पाळला जाई.

मुले मावेनात तेव्हा १९४८ मध्ये शाळेच्या आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून तीन तात्पुरते वर्ग उभारण्यात आले. रस्त्याने जाणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटावीत, असे त्यांचे रूप होते. हिवाळ्यात प्रत्येक खोलीत एक शेगडी पेटे. शेगडीजवळचे विद्यार्थी घामाघूम होत आणि दूरचे कोट अंगावर ठेवून कुडकुडत बसत. पाऊस आला की छत गळे. मग वहीवर थेंब पडू नयेत म्हणून वर्गातच छत्र्या उघडल्या जात. इतिहासाच्या शिक्षकाला शाळेची बस चालवावी लागे, आणि शाळेत पोचल्यावर शेगड्यांसाठी लाकडे गोळा करावी लागत. सभागृहात एकाच वेळी दोन-तीन वर्ग भरत आणि एका कोपऱ्यातील धड्यात दुसऱ्या कोपऱ्यातील धडा मिसळून जाई. जागाच उरली नाही की उभ्या बसमध्येही तास घेतला जाई. पुस्तके आणि बसगाड्या बहुधा गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकून दिलेल्या.

या काळातील अमेरिकन शालेय जीवनाचे जे चित्र चित्रपटांनी जगभर पोचविले, त्यात ही छत्री कोठेही दिसत नाही. कायद्याचे इतिहासकारही बहुधा न्यायालयाच्या दारापासून आरंभ करतात. वास्तविक या वर्गांतील मुलांना जे रोज भोगावे लागत होते, त्याचेच पुढे दाव्याच्या कागदपत्रांत रूपांतर झाले.

बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी. शाळेच्या हालांविषयी तिने संगीताच्या शिक्षिकेकडे तक्रार केली, तेव्हा तूच याबाबत काही का करीत नाहीस, असा प्रतिप्रश्न तिला ऐकावा लागला. दुसऱ्या कुणी तो टाळाटाळीचा मानला असता. तिने तो शब्दशः घेतला. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना खोटा फोन करून गावात बोलावून घेण्यात आले आणि त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत फिरल्या. सारी शाळा सभागृहात जमली. पडदा सरकला तो व्यासपीठावर विद्यार्थीच दिसले. शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती करून बार्बराने संपाची हाक दिली. मुख्याध्यापकांना यातून वगळण्यात त्यांचा बचाव व्हावा हा हेतू होता. तरी पुढे त्यांची नोकरी गेलीच.

मुलांची मागणी साधी होती: नवी शाळा. विद्यार्थ्यांनी पत्र लिहिल्यावरून ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे वकील दोनच दिवसांत फार्मव्हिलला आले. चांगल्या इमारतीसाठी आपण लढणार नाही, लढायचे तर विभक्ततेविरुद्धच, ही त्यांची अट. पालकांना ती मान्य करणे सोपे नव्हते; शेतीचे कर्ज, नोकरी, दुकानातील उधारी, सारेच गोऱ्यांच्या हाती होते. धर्मोपदेशक एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांनी त्यांना धीर दिला. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. बार्बराच्या सुरक्षिततेची चिंता वाटून तिला अलाबामातील माँटगोमेरीला, काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे धाडण्यात आले.

१९५२ मध्ये रिचमंडच्या संघीय न्यायालयाने इमारतींतील विषमता मान्य केली, ती दूर करण्यास सांगितले आणि विभक्तता मात्र कायम ठेवली. १९५३ मध्ये नवे मोटन हायस्कूल उघडले. त्यात व्यायामशाळा होती, उपाहारगृह होते. मुलांनी जे मागितले होते ते मिळाले; पण खटला मागणीच्या पुढे निघून गेला होता. ब्राउन खटल्यात एकत्रित केलेल्या दाव्यांत फार्मव्हिलचा दावाही होता, आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शालेय विभक्तता घटनाबाह्य ठरविली.

काउंटीने यावर काढलेला तोडगा अमेरिकेत अन्यत्र क्वचितच कुणाला सुचला असेल. एकत्र शिकविण्याचा न्यायालयीन आदेश येताच १९५९ मध्ये तिने शाळांसाठी पैसा मंजूर करणेच थांबविले. सर्व सार्वजनिक शाळा बंद झाल्या. गोरी मुले नव्या खाजगी शाळेत गेली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे परगावी पाठविली गेली, काही चर्चच्या तळघरांत थोडेफार शिकली, कित्येक शेतावर कामाला लागली. ज्या इमारतीसाठी एवढे सारे घडले, तिच्याही दाराला कुलूप लागले.

मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडणे भाग पाडले. त्याआधीच्या वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये, देणग्यांवर चालणाऱ्या तात्पुरत्या मोफत शाळा सुरू झाल्या आणि मोटनचे दार पुन्हा उघडले. चार वर्षे अक्षरापासून दूर राहिलेली मुले परतली, तेव्हा कोणाला कोणत्या इयत्तेत बसवावे हे ठरविणे अशक्य झाले. अखेर इयत्ताच रद्द करून, ज्याला जेवढे येत होते तेथून शिकविण्यास प्रारंभ झाला.