वाचक असिमॉव्ह आणि असिमॉव्हचे वाचक

आयझॅक असिमॉव्हच्या कादंबऱ्यांविषयी वाचकांमध्ये दोन तक्रारी कायम ऐकू येतात. त्याची पात्रे सपाट आहेत, ही एक. त्याच्या सुरुवातीच्या लेखनात बायका जवळजवळ नाहीत, ही दुसरी. दुसऱ्या तक्रारीला एक ठरलेले उत्तर मिळते: ‘त्या काळी असेच चालायचे.’ हे उत्तर मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण जुन्या मासिकांच्या पत्रव्यवहारात आहे.

ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६च्या एप्रिलमध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे वाचक परस्परांना लिहू लागले आणि त्यातून त्यांची मंडळे उभी राहिली. पुढे ‘अस्टाउंडिंग’चा संपादक जॉन कॅम्पबेल वाचकांच्या मतांवरून कथांचा क्रम लावून छापू लागला. विज्ञानकथेची समीक्षा विद्यापीठांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी ती अशी पत्रांच्या सदरांत सुरू झाली होती.

असिमॉव्ह याच सदरांतून वर आला. ब्रुकलिनमध्ये त्याच्या वडिलांचे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते आणि तिथे मासिकेही विकायला असत. मुलाने ती स्वस्त मासिके वाचू नयेत, असे वडिलांचे मत. १९२९मध्ये ‘सायन्स वंडर स्टोरीज’ आले, तेव्हा नावातल्या ‘सायन्स’वर बोट ठेवून मुलाने परवानगी मिळवली. १९३५मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ‘अस्टाउंडिंग’मध्ये त्याचे पत्र छापून आले. १९३८-३९च्या पत्रांत त्याने विज्ञानकथेत बायका आणि प्रेमप्रकरणे नकोत, असा हट्टच धरला. त्याच सदरात एका स्त्री-वाचकाने त्याला खरमरीत उत्तर दिले. म्हणजे ‘त्या काळी’ आक्षेप घेणारे वाचक होते, आणि असिमॉव्हने तो आक्षेप वाचलाही होता.

१९४२मध्ये ‘फाउंडेशन’ मालिकेची पहिली कथा आली. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास तिच्या मुळाशी आहे. आकाशगंगेभर पसरलेले साम्राज्य कोसळणार आहे आणि हॅरी सेल्डन गणिताने त्याचे भाकीत करतो. मात्र हे गणित समूहालाच लागू पडते, एकट्या माणसाला नाही. वाचकांना या पटाची भव्यता, कोडे सुटत जाण्याची गंमत आणि स्वच्छ भाषा आवडली. सपाट पात्रांची तक्रारही याच कल्पनेतून येते. व्यक्तीला गणितात जागा नसेल, तर कथेतही ती पुसट होणारच.

पण हे स्पष्टीकरण सगळीकडे पुरत नाही. १९४५च्या ‘द म्यूल’मध्ये एकटा माणूस सेल्डनचे गणित उधळून लावतो. त्याला अखेर अडवते ती बेटा नावाची स्त्री. म्यूल इतरांची मने हवी तशी वळवतो, पण बेटाला तो आपणहून आवडलेला असतो, म्हणून तिच्या मनाला तो हात लावत नाही. तिथेच तो फसतो. हा प्रसंग लिहिणाऱ्याला माणसे रंगवता येत नव्हती, असे कसे म्हणावे? कथानकाला माणसाची गरज लागली की तो माणूस उभा करत असे. एरवी त्याला ती गरज वाटत नसे. त्याचा दोष मला इथे दिसतो.

१९६६मध्ये सर्वकालीन उत्तम मालिकेचा ह्यूगो पुरस्कार ‘फाउंडेशन’ला मिळाला. टोल्किनचे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ स्पर्धेत असताना मतदारांनी हा कौल दिला. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. परग्रहवासी नाहीत, लैंगिकता नाही, या आक्षेपाला असिमॉव्हने १९७२च्या ‘द गॉड्स देमसेल्व्हज’मधून उत्तर दिले. तिच्या मधल्या भागात तीन लिंगांच्या परक्या जीवांचे कुटुंब आहे, आणि अनेकांच्या मते त्याचे सर्वांत हळवे लेखन तेच. मालिका पुढे नेण्यापूर्वी त्याने स्वतःच ‘फाउंडेशन’ पुन्हा वाचली, तेव्हा काहीतरी घडेल म्हणून तो वाट पाहत राहिला. घडत काहीच नव्हते, नुसती संभाषणे होती. तरीही पुस्तक खाली ठेववले नाही, असे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. १९८२च्या ‘फाउंडेशन्स एज’ने मग खपाच्या याद्या गाठल्या.

मराठीत जयंत नारळीकरांच्या कथांविषयीही ‘कल्पना मोठी, माणसे लहान’ असा सूर ऐकू येतो. या सुरांची नोंद वाङ्मयेतिहासात क्वचितच होते. १९३८मधले ते उत्तर छापले गेले नसते, तर असिमॉव्हच्या वतीने काळालाच दोष देऊन आपण मोकळे झालो असतो. म्हणून जुन्या अंकांची बांधणी करताना पत्रांची पाने काढून टाकू नयेत, एवढेच ग्रंथालयांना सांगणे आहे.